भुलीच्या मलमाची गोष्ट

आज आम्ही तुम्हांला एका मलमाचा इतिहास सांगणार आहोत. बाळाच्या तोंडावर किंवा अंगावर जन्मापासून लाल डाग असतो, डॉक्टर त्यावर लेसरचा उपचार सांगतात, आणि उपचाराच्या साधारण तासभर आधी त्या डागावर एक पांढरं मलम लावायला लागतं. या मलमानं तेवढीच कातडी बधिर होते. बाळ जागंच राहतं, पण लेसरचा चटका त्याला कमी जाणवतो. आपण याला भुलीचं मलम म्हणू.

ट्यूब बोटाएवढी असते, पण ती तयार व्हायला सव्वाशे वर्षं लागली. या गोष्टीत दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरातलं एक पान आहे, स्वीडन देशातलं जवाचं पीक आहे, व्हिएन्ना शहरातला एक तरुण डॉक्टर आहे, अमेरिकेतली एक आई आहे आणि इंदूरला शिकलेला एक आपल्याकडचा डॉक्टरही आहे. ही गोष्ट सांगण्याचं कारण वेगळंच आहे. औषध सापडलं तरी ते लेकरापर्यंत लगेच पोचलं नाही. लेकरू रडतंय म्हणजे त्याला खरंच दुखतंय, हे मोठ्या माणसांना मान्य व्हायला वेळ लागला.

आधी डागाबद्दल बोलू. बाळाच्या अंगावरचे सगळे डाग सारखे नसतात. आपल्याकडे पुष्कळ बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर निळसर डाग असतात. ते बहुतेक वेळा बाळ मोठं होता होता आपोआप जातात, त्याला काही करावं लागत नाही. दुसरा प्रकार म्हणजे लालभडक, फुगीर गाठ. ती जन्मानंतर काही आठवड्यांत दिसते, काही महिने वाढते आणि मग वर्षानुवर्षं हळूहळू बसत जाते. ती डोळ्याजवळ, ओठावर असेल किंवा फार वाढत असेल तर डॉक्टर औषध देतात. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या डॉक्टरांना दिसलं, की हृदयाच्या आजारासाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉल या औषधानं अशा गाठी बसतात. तेव्हापासून त्यावर हे औषध वापरलं जातं.

तिसरा प्रकार आजच्या गोष्टीतला. हा डाग सपाट असतो, गुलाबी किंवा लाल, जन्मापासून दिसणारा. इंग्रजीत त्याला पोर्ट-वाईन स्टेन म्हणतात, कारण त्याचा रंग द्राक्षाच्या लाल दारूसारखा असतो. कातडीतल्या रक्ताच्या बारीक नळ्या तिथे रुंदावलेल्या असतात, म्हणून तो लाल दिसतो. हजार बाळांत साधारण तीन बाळांना असा डाग असतो. तो आपोआप जात नाही. बाळाबरोबर तो वाढतो, आणि वय वाढेल तसा गडद व जाडसर होऊ शकतो.

असा डाग दिसला की आपल्याकडे पहिला प्रश्न कुणाला विचारतात, ते तुम्हांला माहीत आहे. बाळंतिणीला. ग्रहणात हिनं काहीतरी केलं असणार, नको ते खाल्लं असणार, हिचे डोहाळे अर्धे राहिले असणार. आमच्या गटांच्या बैठकीत हे बोलणं आम्ही पुष्कळदा ऐकतो. म्हणून हे स्पष्ट सांगतो. २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी या डागाचं कारण शोधलं. गर्भ राहिल्यानंतर, वाढणाऱ्या गर्भाच्या एखाद्या पेशीत जीएनएक्यू नावाच्या जनुकात एक बारीक बदल होतो. त्या पेशीपासून जेवढी कातडी बनते, तेवढ्यापुरता डाग पडतो. हा बदल आपोआप होतो. ग्रहणानं होत नाही, खाण्यानं होत नाही, कुणाच्या नजरेनं होत नाही. त्यात आईचा दोष नाही आणि बापाचाही नाही.

आता उपचाराचा इतिहास. लेसर येण्याआधी या डागावर लोकांनी नाना उपाय केले. कुठे डाग कापून दुसरीकडची कातडी लावली, कुठे क्ष-किरण आणि रेडियम वापरलं, कुठे कातडीच्या रंगाचं गोंदण करून डाग झाकायचा प्रयत्न केला. व्रण राहायचे, किरणांनी पुढे आणखी त्रास व्हायचा. त्यामुळे बहुतेकांच्या नशिबी पदरानं किंवा केसांनी डाग झाकणं एवढंच उरायचं.

१९६० साली मे महिन्यात अमेरिकेत थिओडोर मेमन या शास्त्रज्ञानं पहिला लेसर चालवून दाखवला. लेसर म्हणजे एकाच रंगाचा, एका रेषेत जाणारा जोरदार उजेड. थोड्याच वर्षांत सिनसिनाटी शहरातले त्वचेचे डॉक्टर लिऑन गोल्डमन यांनी तो कातडीवर वापरून पाहायला सुरुवात केली. पुढे १९७० नंतर आरगॉन नावाचा लेसर या डागांवर वापरला जाऊ लागला. त्यानं डाग फिका व्हायचा, पण भोवतालची कातडीही भाजायची. मुलांच्या कोवळ्या कातडीवर त्याचे व्रण उठायचे.

यातून वाट काढली बॉस्टनच्या दोन डॉक्टरांनी. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ साली एक विचार मांडला. तो आपल्याला उन्हातल्या कपड्यांवरून समजेल. भर उन्हात काळं कापड लवकर तापतं, पांढरं कमी तापतं, कारण रंगाप्रमाणे उजेड शोषला जातो. रक्ताचा लाल रंग ज्या उजेडाला जास्त शोषून घेतो, तो पिवळा उजेड निवडायचा आणि तो अगदी क्षणभरच सोडायचा. सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ. मग रक्ताची नळी तापते, पण ती उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत उजेड संपलेला असतो. या विचारावर जो लेसर तयार झाला, त्याला पल्स्ड डाय लेसर म्हणतात. १९८९ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी ३ महिन्यांपासून १४ वर्षांपर्यंतच्या ३५ मुलांवर हा उपचार केल्याचं प्रसिद्ध केलं. व्रण न पडता मुलांचे डाग उतरू शकतात, हे त्यातून जगाला कळलं.

या उपचारात वय महत्त्वाचं असतं. लहान बाळाची कातडी पातळ असते, डागही लहान असतो. म्हणून शक्य तितक्या लवकर सुरुवात करावी असं पुष्कळ डॉक्टर सांगतात. पण एकदा जाऊन भागत नाही. काही आठवड्यांच्या अंतरानं अनेकदा यावं लागतं. आणि प्रत्येक वेळी लेसरचे ठिपके एकाला एक लागून मारावे लागतात. ज्यांनी हा उपचार घेतला आहे ते सांगतात, की एकेक ठिपका म्हणजे ताणलेलं रबर कातडीवर सोडल्यासारखा चटका, आणि त्यामागून तापलेल्या तव्याचा कड लागल्यासारखी आग. मोठं माणूस दात आवळून हे सोसेल. तान्ह्या बाळाला आपण काय सांगणार? आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला एकदा दुखलं, की पुढच्या वेळी ते दवाखान्याच्या दारातूनच मागे पळणार. म्हणजे चांगला उपचार सापडला, पण त्याला दुखण्याचा अडसर होता. भुलीच्या मलमाची गरज नेमकी इथेच होती.

आता भुलीकडे वळू. दाढ दुखली की आपण लवंग धरतो किंवा लवंगेचं तेल लावतो. थोडा वेळ तेवढी जागा बधिर होते. तशीच एक वनस्पती दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या भागात आहे, तिचं नाव कोका. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या तिची पानं चघळत आले आहेत. चघळताना ओठ आणि जीभ बधिर होतात. जर्मनीत आल्बर्ट नीमान यांनी त्या पानांतला अर्क वेगळा काढला आणि १८६० साली त्याची माहिती छापली. त्या अर्काचं नाव कोकेन. जीभ बधिर होते हे त्यांनीही लिहून ठेवलं होतं. तरी त्याचा वैद्यकीय उपयोग व्हायला आणखी २४ वर्षं गेली.

१८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर हे तरुण डॉक्टर डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी काहीतरी शोधत होते. त्या काळी माणूस जागा असतानाच डोळ्यावर सुरी चालवायला लागायची, कारण पूर्ण भूल दिली की नंतर उलट्या व्हायच्या आणि डोळ्याला धोका व्हायचा. कोलर यांनी कोकेनचं पाणी आधी प्राण्यांच्या डोळ्यात आणि मग स्वतःच्या डोळ्यात घातलं, आणि टाचणीच्या टोकानं डोळ्याला स्पर्श करून पाहिलं. काही जाणवलं नाही. त्याच सप्टेंबरात जर्मनीत डोळ्यांच्या डॉक्टरांची परिषद होती. तिथे जायला कोलर यांच्याकडे पैसे नव्हते. त्यांचा निबंध दुसऱ्या डॉक्टरांनी वाचून दाखवला. सगळं शरीर झोपवायचं नाही, दुखणारी जागाच तेवढी बधिर करायची, या पद्धतीची सुरुवात इथून झाली.

पण कोकेनचं व्यसन लागतं, त्यानं माणसं दगावतातही. म्हणून त्याला पर्याय शोधणं सुरू झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत नोव्होकेन आलं. मग स्वीडनमध्ये एक योगायोग घडला. १९३०च्या दशकात स्टॉकहोममधले शास्त्रज्ञ जवाच्या रोपांचा अभ्यास करत होते. त्यातल्या एका द्रव्यासारखा पदार्थ होल्गर एर्टमन यांनी प्रयोगशाळेत बनवला आणि सवयीनं थोडा जिभेवर ठेवून पाहिला. जीभ बधिर झाली. तो धागा पकडून निल्स लफग्रेन आणि त्यांचे तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी एकामागून एक पदार्थ तयार केले. लुंडक्विस्ट स्वतःच्याच शरीरावर सुई टोचून ते तपासून पाहायचे. १९४३ साली त्यांच्या हाती लिडोकेन लागलं. १९४८ साली ते झायलोकेन या नावानं बाजारात आलं. हे नाव तुमच्या ओळखीचं असेल. दात काढताना, टाके घालताना, गळू फोडताना आपल्या दवाखान्यात जे भुलीचं इंजेक्शन देतात, ते बहुतेक वेळा हेच.

पण इंजेक्शन म्हणजे सुई. तोंडभर डागाला बधिर करायला किती सुया टोचणार? मग तेच औषध मलमात घालून का लावलं नाही? त्याचं कारण आपली कातडी. सारवलेली भिंत जशी पाणी आत जाऊ देत नाही, तशी वरची कातडी औषधाला अडवते. लिडोकेन हा खडीसाखरेसारखा घट्ट स्फटिक आहे, तो ६८ अंशांना वितळतो. घट्ट स्थितीत तो कातडीतून आत जात नाही. पातळ तेलासारखा झाला तर जाईल.

याचं उत्तर स्वीडनच्याच औषध कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी शोधलं. ते कुल्फीवाल्याच्या युक्तीसारखं आहे. कुल्फीवाला बर्फात मीठ टाकतो. मीठ आणि बर्फ एकत्र आले की ते मिश्रण नुसत्या बर्फापेक्षा कितीतरी कमी तापमानाला वितळतं. तसंच लिडोकेन आणि त्याचंच भावंड प्रिलोकेन हे दोन्ही स्फटिक सारख्या प्रमाणात मिसळले, तर ते मिश्रण १८ अंशांनाच वितळून तेल होतं. म्हणजे घरातल्या साध्या हवेत ते पातळच राहतं. हे तेल मलमात घोटलं, शंभर भागांत अडीच भाग एक आणि अडीच भाग दुसरं. १९८० साली त्याचे पहिले वैद्यकीय निष्कर्ष प्रसिद्ध झाले, १९८४ साली स्वीडनमध्ये मलम विक्रीला आलं, आणि १९९२च्या अखेरीस अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. एम्ला हे त्याचं मूळ नाव. आपल्याकडेही याच दोन औषधांचं मलम वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावानं मिळतं.

मैत्रिणींनो, औषधाची गोष्ट इथवर झाली. आता माणसांची. हे मलम तयार होत होतं, त्याच काळात मोठमोठ्या दवाखान्यांत तान्ह्या बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत होत्या. हे ऐकायला विश्वास बसणार नाही, पण ते खरं आहे. बाळाच्या नसा अजून पक्क्या झालेल्या नाहीत, त्याला दुखणं नीट कळत नाही, कळलं तरी ते विसरून जातं, अशी पुष्कळ डॉक्टरांची समजूत होती. भुलीचं औषध बाळाला सोसणार नाही ही भीतीही होती, आणि त्या काळी ती अगदीच खोटी नव्हती. म्हणून बाळ हलू नये यासाठी फक्त स्नायू लुळे करणारं औषध द्यायचे. बाळ हलायचं नाही, रडायचं नाही, पण दुखणं थांबलेलं नसायचं.

१९८५ साली अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात जिल लॉसन नावाच्या बाईंचं बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं. त्याचं नाव जेफ्री. त्याच्या हृदयाजवळची शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवड्यांनी ते गेलं. नंतर आईनं कागदपत्रं पाहिली तेव्हा तिला कळलं, की बाळाला भूल दिलीच नव्हती, फक्त लुळं करणारं औषध दिलं होतं. तिनं विचारलं तेव्हा तिला सांगण्यात आलं, की इतक्या लहान बाळांना दुखतं हे कुठे सिद्ध झालेलं नाही. ती गप्प बसली नाही. तिनं पत्रं लिहिली, डॉक्टरांच्या संस्थांना विचारलं, वर्तमानपत्रापर्यंत गोष्ट नेली. १९८६ साली ती छापून आली आणि देशभर चर्चा सुरू झाली.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला डॉक्टर कन्वलजित सिंग आनंद काम करत होते. ते मूळचे काश्मीरचे, डॉक्टरकी शिकले इंदूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात. शस्त्रक्रिया होऊन परत आलेली लहान बाळं इतकी खचलेली का असतात, हा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी काही बाळांना नेहमीची अपुरी भूल आणि काहींना त्याबरोबर दुखणं थांबवणारं जोरदार औषध, अशी तुलना केली. ज्यांना औषध मिळालं होतं, त्यांच्या शरीरावरचा ताण कमी होता आणि नंतरच्या तक्रारीही कमी होत्या. हा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं जाहीर केलं, की नवजात बाळालाही शस्त्रक्रियेत भूल दिली पाहिजे. आईनं प्रश्न विचारला, डॉक्टरांनी पुरावा दिला, तेव्हा कुठे नियम बदलला.

त्यामुळे पुढे लेसर आणि मलम या दोन वाटा एकत्र आल्या तेव्हा मुलाला दुखतं का, हा वाद उरला नव्हता. दुखणं कमी कसं करायचं, एवढाच प्रश्न होता. मलम लावून लेसर केला की मुलांना कमी दुखतं, हे तपासून पाहिलं गेलं. लेसर मारण्याच्या क्षणभर आधी कातडीवर थंड फवारा सोडायची पद्धतही १९९० नंतर आली. त्यानं वरची कातडी भाजत नाही आणि चटकाही कमी लागतो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीसाठी ते विशेष महत्त्वाचं आहे. कातडीचा सावळा रंगही लेसरचा उजेड शोषतो, म्हणून आपल्याकडे भाजण्याची आणि काळे-पांढरे डाग उठण्याची शक्यता जास्त असते. सावळ्या कातडीवर काम करण्याचा सराव असलेलाच डॉक्टर हवा.

आता मलम कसं वापरतात ते सांगतो. डॉक्टर सांगतील तेवढंच मलम डागावर जाडसर थरानं लावायचं, चोळायचं नाही. वरून पारदर्शक पट्टी चिकटवायची. साधारण तासभर ठेवायचं, मग पुसून काढायचं. कातडी थोडा वेळ पांढुरकी दिसते, काही वेळानं लाल होते. हे त्या मलमाचं काम आहे, घाबरायचं नाही. मलमानं दुखणं पूर्ण थांबत नाही, कमी होतं. डोळ्याच्या अगदी जवळ ते लावत नाहीत, कारण डोळ्यात गेलं तर डोळा बधिर होतो आणि इजा झालेली कळत नाही. बाळ मलम चाटणार नाही हेही पाहावं लागतं. डाग फार मोठा असेल किंवा पापणीजवळ असेल, तर मोठ्या दवाखान्यात पूर्ण भूल देऊन उपचार करतात. काही डॉक्टर अगदी तान्ह्या बाळांचा छोटा डाग भूल न देता, बाळाला दुपट्यात धरून, काही मिनिटांत उरकतात. कारण २०१६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं इशारा दिला आहे, की तीन वर्षांखालच्या मुलांना पूर्ण भूल वारंवार किंवा फार वेळ देण्यानं मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. कोणती वाट धरायची हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं असतं.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. मलम आहे म्हणजे निरुपद्रवी, असं धरू नका. कातडीतून आत गेलेलं औषध रक्तात जातं. लहान बाळात प्रिलोकेन जास्त झालं, तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. ओठ आणि नखं निळी-राखाडी दिसू लागतात. असं दिसलं तर मलम ताबडतोब पुसून दवाखाना गाठायचा. म्हणूनच या मलमाच्या माहितीपत्रकात वयाप्रमाणे मर्यादा दिलेल्या असतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला जास्तीत जास्त एक ग्रॅम, तेही १० चौरस सेंटीमीटर जागेवर, म्हणजे काड्यापेटीहून लहान जागेवर, आणि एक तासापेक्षा जास्त नाही. दिवस न भरता जन्मलेल्या बाळाची गोष्ट आणखी नाजूक असते. जास्त लावलं की लवकर गुण येईल, असं इथे चालत नाही.

मोठ्या बायकांनाही हे लागू आहे. अमेरिकेत २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींनी लेसरनं पायांवरचे केस काढायच्या आधी दुकानात बनवलेलं जास्त ताकदीचं भुलीचं मलम दोन्ही पायांना लावलं, वरून प्लॅस्टिक गुंडाळलं. त्यांना झटके आले, त्या बेशुद्ध पडल्या आणि पुढे दगावल्या. २००७ साली तिथल्या औषध प्रशासनानं याबद्दल जाहीर इशारा दिला. आज आपल्या तालुक्याच्या गावातही लेसरचे फलक दिसू लागले आहेत. मुलीच्या लग्नाआधी पार्लरमध्ये काही करून घ्यायचं असेल आणि कुणी अंगभर भुलीचं मलम लावायला सांगितलं, तर त्या दोघींची आठवण ठेवा.

मग बाळाला असा डाग असेल तर करायचं काय? आधी आशाताईंना दाखवा, प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्या आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात त्वचारोग विभागात जा. सगळीकडे लेसर नसतो, पण डाग कुठल्या प्रकारचा आहे हे तिथे कळतं. डाग कपाळावर किंवा पापणीवर असेल तर वाट पाहू नका. अशा काही बाळांत डोळ्याचा दाब वाढतो, कधी फिट येतात, म्हणून डोळ्यांची तपासणी लवकर व्हायला हवी.

लेसर करायचं ठरलं तर हे प्रश्न लिहून न्या. किती वेळा यावं लागेल? प्रत्येक वेळेचा खर्च किती? डाग किती उतरेल? बहुतेक वेळा तो फिका होतो, पूर्ण जातोच असं नाही, आणि वर्षांनंतर थोडा परत गडद होऊ शकतो. दुखू नये म्हणून तुम्ही काय करणार? मलम कोणतं, किती, किती वेळ, कोण लावणार? बाळाचं वजन सांगा, चालू असलेली औषधं सांगा. गटातून कर्ज काढणार असाल तर एका वेळेचा नाही, सगळ्या फेऱ्यांचा हिशोब मांडून मगच रक्कम ठरवा. अर्ध्यावर सोडलेला उपचार पैशालाही जड जातो आणि लेकरालाही.

आणि कुणी म्हणालं, लहान आहे, रडेल थोडं, विसरून जाईल, तर गप्प बसू नका. जिल लॉसनलाही तसंच सांगितलं होतं. तिनं विचारलं म्हणून पुढच्या लाखो आयांची लेकरं भुलीखाली गेली. लेकराला कमी दुखावं यासाठी काय करता येईल, हा प्रश्न विचारणं हा आईचा हक्क आहे. तो नम्रपणे विचारायचा, पण विचारायचाच.

या विषयावर तुमचे काही प्रश्न असतील तर पुढच्या बैठकीत जरूर मांडा. आणि तुमच्या वाडीवर अशी एखादी बाळंतीण असेल, तर हे तिला आणि तिच्या सासूबाईंना, दोघींनाही वाचून दाखवा.